समितीतली सातवी खुर्ची

तीर्थस्वरूप मावशीस, आणि तिच्याबरोबरच "एक कागद कमी आहे" हे चार शब्द ऐकून खिडकीवरून माघारी फिरलेल्या समस्त जनतेस, थोरल्या भाचीचा वाकून नमस्कार.

पत्र तुला एकटीलाच आहे, पण सुरुवात सगळ्यांना उद्देशून केल्याशिवाय माझा गळा मोकळा होत नाही, हे तू जाणतेस. घरात मला 'तोफ' म्हणतात ते उगाच नाही. तुझी प्रकृती कशी आहे? डोळ्याच्या ऑपरेशननंतर वाचायला लागलीस का? काकांचा खोकला थांबला की अजून ते डॉक्टरांनाच औषधं सुचवताहेत? इकडे सगळं ठीक. आई तुझ्यावर रागावली आहे. कशाबद्दल ते तिला आठवत नाही, म्हणून आधी तू फोन करावास असं तिचं म्हणणं आहे.

तर वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, ग्रंथालयातली नोकरी सांभाळून मी पदव्युत्तर अभ्यासाला नाव घातलं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. विषय आहे 'अध्यक्षीय समारोप आणि श्रोत्यांची गळती'. वीस वर्षं मी सभा गाजवते आहे. माझ्या भाषणाला उभी राहून टाळ्या वाजवणारी माणसं, अध्यक्ष बोलायला उठले की चपला शोधायला लागतात. नेमक्या कितव्या वाक्याला पहिली खुर्ची सरकते याची माझ्याकडे तीन वह्या भरून टिपणं आहेत. हे ज्ञान जगापुढे यायला नको? माझे मार्गदर्शक म्हणाले, यायला हवं. (ते सगळ्यालाच हो म्हणतात. विद्यार्थी त्यांना 'हो-हो सर' म्हणतात. मी एकदा त्यांना विचारलं, विषय फारच हास्यास्पद आहे का, तर त्यालाही हो म्हणाले.)

मावशी, या महाविद्यालयाची पदव्युत्तर नियमावली दोनशे बारा पानांची आहे. वर जागोजागी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या, काही ठिकाणी चिठ्ठीवर चिठ्ठी, त्यामुळे ती मिटत नाही, अंगावर धावून आल्यासारखी उघडीच राहते. मी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. खिडकी क्रमांक तीनवरच्या कारकूनबाई म्हणाल्या, "बाई, तुमच्याआधी ही कुणी वाचलेली नाही. छापणाऱ्यानंसुद्धा नाही." आत काय काय आहे म्हणून सांगू! मूळ प्रतीच्या तीन मूळ प्रती जोडाव्यात. मार्गदर्शक बदलायचा असेल तर आपण मार्गदर्शन करण्यास असमर्थ आहोत असं त्या मार्गदर्शकानंच स्वच्छ अक्षरात लिहून द्यावं. उमेदवाराचा मृत्यू झाल्यास त्यानं पंधरा दिवसांच्या आत विभागाला कळवावं. (हे मी मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं. कारकूनबाई म्हणाल्या, "कुणी कळवत नाही हो, म्हणून तर याद्या इतक्या लांबतात.")

आता मुद्द्यावर येते. नियम चौदा असा की नाव नोंदवल्यापासून एका वर्षात विषयाला पदव्युत्तर समितीची मान्यता मिळाली पाहिजे, नाहीतर नाव कटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. माझं वर्ष या महिनाअखेरीला संपतं. आणि समितीची बैठक चार वेळा भरली, चारही वेळा तहकूब झाली. बरं, सदस्य आले नाहीत म्हणावं तर तसंही नाही. मी दाराच्या काचेतून पाहत होते. सहा जण आले, बसले, चहा प्याले, एकमेकांच्या चष्म्यांचे नंबर विचारले आणि अर्ध्या तासानं उठून गेले. चौथ्या वेळी मी थेट खिडकीवर गेले.

"बैठक झाली की नाही?"

"भरली, पण झाली नाही," कारकूनबाई म्हणाल्या.

"सगळे तर होते!"

"सहा होते. सात लागतात. सातवी खुर्ची ज्येष्ठ उमेदवाराची."

म्हणजे असं की सर्वांत जुन्या विद्यार्थ्यानं समितीत बसलंच पाहिजे, त्याच्याशिवाय ठराव होत नाही. विद्यार्थ्यांचा आवाज ऐकला जावा म्हणून कुण्या भल्या माणसानं हा नियम घातला होता. (भल्या माणसांपासून या देशाला जितका त्रास झाला तितका लुच्च्यांपासून झाला नसेल.) चौतीस वर्षं त्या खुर्चीत एकच गृहस्थ बसत. सगळे त्यांना 'चिरंजीव' म्हणत. चहा, बिस्किटं आणि हात वर करणं एवढंच काम, त्यामुळे त्यांनी प्रबंध पुरा करायचं नावच काढलं नाही. सगळं सुरळीत चाललं होतं. गेल्या वर्षी त्यांना काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, त्यांनी प्रबंध पुरा केला आणि पासही झाले! विभागावर शोककळा पसरली. आता खुर्ची त्यांच्या मागच्या उमेदवाराची, एकतीस वर्षांपूर्वी नाव घातलेल्या कुणा बाईची, तर तिला पाठवलेलं प्रत्येक पत्र 'या पत्त्यावर कुणी राहत नाही' असा शेरा घेऊन परत येतंय.

मावशी, माझा संताप तू पाहिला आहेस. मी तिथेच जिन्याच्या चौथ्या पायरीवर चढले. खाली रांगेत चाळीसेक पोरंपोरी होती, सगळ्यांचे विषय अडकलेले. मी म्हटलं, "मित्रहो! एक उमेदवार एकतीस वर्षं नाव अडवून बसली आहे! अभ्यास करत नाही, नाव काढत नाही, पत्ता कळवत नाही! आपलं भवितव्य एका आळशी, बेजबाबदार, बिनपत्त्याच्या बाईच्या हातात आहे! कोण आहे ही महामाया?" टाळ्या कडाडल्या. हो-हो सरही वाजवत होते. पोरांनी घोषणा सुरू केल्या, "नाव सांगा! नाव सांगा!" कारकूनबाईंनी घाबरून नोंदवही माझ्या हातात दिली. मी ती उंच धरली, नाव वाचायला आवाज लावला, आणि मावशी, माझं भाषण तोंडातच राहिलं.

तुझं नाव होतं ते. माहेरचं. पत्ताही आजोबांच्या भाड्याच्या घराचा, जिथे आता गिरणीवाला राहतो.

वीस वर्षांत पहिल्यांदा मी भाषण अर्धवट सोडून नोंदवही मिटली. मग म्हटलं, "नाव अस्पष्ट आहे," आणि खाली उतरले. (या एका वाक्यासाठी मला क्षमा कर. आळशी आणि बेजबाबदारसाठीही कर. महामाया मी मागे घेत नाही.)

कारकूनबाईंना मी नातं सांगितलं. त्या एकदम मऊ झाल्या, आतल्या कपाटातून तुझी फाईल काढून मला टेबलाशी बसवलं. एक वर्षाचा नियम तुझ्यानंतर आला. तुझ्या वेळच्यांचं नाव ते स्वतः अर्ज करीपर्यंत चालूच राहतं, म्हणजे गेली एकतीस वर्षं तू रीतसर विद्यार्थिनी आहेस. आम्हाला घरात सांगितलं होतं की मावशीला अभ्यासाचा कंटाळा आला. तूच तसं सांगायचीस, हसून. फाईलमध्ये तुझे चार अर्ज आहेत. विषय 'शाळेच्या दाखल्यांवर नोंदवलेली मुलींच्या गळतीची कारणे'. अक्षर काय सुरेख गं तुझं! आणि प्रत्येक अर्जावर लाल शाईत एकच शेरा, एक कागद कमी आहे. दर वेळी वेगळा कागद. चौथ्या वेळी मार्गदर्शकांचं पत्र कमी होतं, आणि मार्गदर्शक त्याच महिन्यात वारले होते. त्यांच्या निधनाच्या बातमीचं कात्रण तू अर्जाला टाचलं होतंस. त्यावरही शेरा आहे. कात्रण साक्षांकित नाही.

असो. फार लांबलं. यावर तोडगा अगदी सोपा आहे. कारकूनबाईंनी मला 'नाव कमी करण्याचा अर्ज' दिला आहे, तो सोबत जोडला आहे. अर्ध्या पानाचा. खाली सही कर आणि उलट टपाली पाठव. नाव नोंदवायला इथे वर्ष लागतं, पण कमी करायला एक दिवस पुरतो. तुझं नाव गेलं की खुर्ची पुढच्या उमेदवाराकडे जाते, तो घड्याळं दुरुस्त करतो आणि बिस्किटांसाठी यायला तयार आहे. गुरुवारी बैठक, माझा विषय मंजूर, तू मोकळी. तुला काहीच करायचं नाही, एवढं मात्र भाचीसाठी कर.

काकांना नमस्कार, चिनूमिनूंना पापे.

तुझी,
तोफ

ता.क. पाकीट चिकटवण्याआधी अर्ज एकदा मोठ्यानं वाचून पाहिला (सवय). त्यात 'कारण' असा रकाना आहे, पण तिथे लिहायला जागा नाही. कारण छापूनच ठेवलंय. 'उमेदवारास अभ्यासात स्वारस्य राहिलेले नाही.' तीन वेळा वाचलं. या कागदावर तू सही करायची आणि मी ती मागायची, हे होणार नाही. वरचं सगळं रद्द समज. सही करून पाठवलीस तर मी स्वतः फाडीन.

ता.क. २. नियमावली पुन्हा उघडली. (ती मिटलेली नव्हतीच.) परिशिष्ट सहाप्रमाणे प्रलंबित विषय बैठकीत आपोआप मांडले जातात, आणि सदस्याचा स्वतःचा विषय निघाला तर त्याला बसता येतं, फक्त हात वर करता येत नाही. म्हणजे गुरुवारी तूच येऊन सातव्या खुर्चीत बसलीस की आधी तुझा विषय येतो, मग माझा. मार्गदर्शक हवा म्हणून हो-हो सरांना विचारलं. काय म्हणाले ते तुला कळलंच असेल.

ता.क. ३. माझं नाव महिनाअखेरीला कटतं की राहतं हे आता तुझ्यावर आहे, हे मी लपवत नाही. पण माझ्यावर उपकार करायला येऊ नकोस. माझा विषय तुला फालतू वाटत असेल तर सरळ विरोधात हात वर कर, मी जिन्यावर उभी राहून तुझा निषेध करीन आणि मग आपण बरोबर घरी जाऊ. फोनवर "बरं, बघते" म्हणून ठेवून देऊ नकोस. आईला घेऊन किंवा न घेता, गुरुवारी सकाळी अकरा वाजता, दुसरा मजला, डावीकडची काचेच्या दाराची खोली. ये.