भागूच्या कागदावरचे बाण

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
२ जुलै २०२४

ती. मनकर्णाआत्यास,
बद्रीनाथचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्रच बरं. आशा मजेत आहे. काळजी आहे ती आमच्या भागूची. नऊ वर्षांची पोर, दोन जिने चढताना धापा टाकते. शाळेतल्या मुली तिला ढोली म्हणतात, तेव्हापासून खाली खेळायला जाणं बंद आहे. आता म्हणते, तिथंही हसतील, श्रावणात देवगावला यायचं नाही. तुझ्याकडे यायचं म्हटलं की आठ दिवस आधी पिशवी भरणाऱ्या पोरीनं असं म्हणावं, हे मला फार लागलं.

उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टर जहांआरांना दाखवलं. वाटलं होतं, साखर बंद, भात बंद अशी चिठ्ठी मिळेल. त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. मधोमध भागूचं नाव लिहा आणि कशामुळं काय होतं त्याचे बाण काढा, म्हणाल्या. कुणाची चूक ते मात्र लिहायचं नाही. चिडवतात म्हणून खेळत नाही, खेळत नाही म्हणून वजन वाढतं, वजन वाढतं म्हणून चिडवतात. बाण फिरून पहिल्याच जागी आला. ती उदास दिसली की आशा शिरा करते, तोही त्याच फेऱ्यात. मी दोन महिने भागूला रागावत होतो, तेही त्यातच.

एक बाण देवगावातूनही येतो. लिहू की नको, असं झालंय. दर खेपेला भागूला बघताच तू पोर सुकली म्हणतेस. आशाच्या ते जिव्हारी लागतं, आणि घरी आल्यावर तिचं वाढणं दुप्पट होतं. रागावू नकोस.

तुझ्या मायेतला,
बद्रीनाथ


देवगाव रंगारी
९ जुलै २०२४

चि. बद्रीनाथ यास मनकर्णाबाईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग जेवण जाईना. अरे येड्या, सुकली म्हणते ते नजर लागू नये म्हणून. भरल्या अंगाच्या लेकराला आपल्यात कुणी तोंडावर चांगलं म्हणतं का? तू भोपळ्यासारखा होतास तेव्हा तुलाही सुकलाच म्हणायचे. आशाचं माहेर शहरातलं, तिला हे कसं कळावं? मीच सांगायला हवं होतं.

मोसंबी पिवळी पडली तेव्हा मी पानांवर औषध मारत बसले होते. खरं दुखणं मुळाशी तुंबलेल्या पाण्यात होतं. शेतात मला हे कळतं, माणसांत कळलं नाही. माझ्या तोंडचा एक शब्द पन्नास किलोमीटरवर जाऊन लेकराच्या ताटात पडतो, हे तुझ्या पत्रातून कळलं. आशाला सांग, आत्या चुकली.

पण तू सगळ्यांचे बाण काढलेस. भागूच्या हाती पेन्सिल दिलीस का?

सुखी राहा, आणि चिमणीला पापा.
मनकर्णाबाई


गारखेडा
२० जुलै २०२४

ती. मनकर्णाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आशानं दोनदा वाचलं आणि रडली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, तू तिलाच नावं ठेवतेस.

भागूला पेन्सिल दिली. तिनं कोपऱ्यात 'बाबा' लिहिलं आणि ताटापासून माझ्यापर्यंत बाण काढला. मी म्हटलं, बाण उलटा झाला. ती म्हणाली, उलटा नाही. मी जेवते तोवर तुम्ही माझ्याजवळ बसता, ताट संपलं की मोबाईल घेऊन उठता, म्हणून मी अजून एक पोळी मागते.

आत्या, डॉक्टरांना, आशाला, मला, कुणालाही दिसलं नव्हतं ते या लेकरानं कधीच बघून ठेवलं होतं. मला तिच्यापुढं अगदी लहान वाटलं.

काल तिचं जेवण झालं तरी मी उठलो नाही. तिनं दोनदा माझ्याकडं बघितलं, मी उठतोय का म्हणून. मग हळूच शाळेतलं सांगायला लागली. ताटातलं खरकटं वाळून गेलं तरी तिचं सांगणं संपलं नाही.

श्रावणात तिघंही येतो, भागूही हो म्हणाली. आहे ती माया आटू देऊ नकोस.
तुझा,
बद्रीनाथ