ठाकोरभाईंची गाडी

लिंबायत, सुरत
८ डिसेंबर १९९७

प्रिय योगराज,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. येत्या रविवारी, चौदा तारखेला, तू नाशिकहून गिऱ्हाईक घेऊन येतोस, नानांनी राजदूत फटफटीचे कागद काढून ठेवावेत आणि सहीसाठी घरीच थांबावं, असं लिहिलंस. खाली सूनबाईच्या, गौरीच्याही दोन ओळी आहेत, की आई, आता देवधर्म करा, फिरणं पुरे झालं. मी पत्र दोनदा वाचलं. नानांना दिलं तर त्यांनी वाचून घडी केली, गणपतीच्या फोटोमागे सारली आणि फडकं घेऊन गाडी पुसायला बाहेर गेले. ते काही बोलले नाहीत म्हणून मी लिहिते आहे. मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. तू माझा मुलगा आहेस बाबा, माझा मुकादम नाहीस.

बहिऱ्या माणसाने हायवेवर गाडी चालवायची म्हणजे मरणाला आवतण, असं तू लिहितोस. बहिरा हा शब्द आजवर घरात कोणी उच्चारला नव्हता, तो तू लिहिलास, तर मीही लिहिते. सव्वीस वर्षं तुझे नाना लूमच्या खडखडाटात उभे राहिले आणि कान तिथेच ठेवून आले. शेठने मशीनवरून काढून कापडाच्या घड्या घालायला बसवलं. तेव्हापासून घरी आले की भिंतीकडे तोंड करून बसायचे. जो तो त्यांच्याशी ओरडून बोलणार, आणि ओरडून बोललं की साधं जेवायला चला म्हटलेलंही भांडणासारखं वाटतं. शेजारची उषाबाई त्यांना चहा विचारायची तर अख्ख्या गल्लीला कळायचं. मग लूम दुरुस्त करणारा सखाराम जॉबर कायमचा गावी निघाला आणि जाताना आपली जुनी राजदूत नानांच्या गळ्यात मारून गेला. पहिल्याच रजेच्या दिवशी आम्ही बारडोलीपर्यंत जाऊन आलो. संध्याकाळी जेवताना हे आपणहून म्हणाले, की गाडीवर बरं असतं, तिथे सगळ्यांनाच माझ्याएवढंच ऐकू येतं. किती महिन्यांनी ते जेवताना बोलले होते ते तुला ठाऊक नाही, कारण तू इथे नव्हतास.

तेव्हापासून दर रजेला आम्ही निघतो. मोठी तीर्थं नाहीत आमच्या वाटेवर. कुठे ट्रकवाल्याकडून कळतं, कुठे चहाच्या टपरीवर, की पुढच्या गावात अमुक बघण्यासारखं आहे, की वळवली गाडी. उनाईच्या गरम कुंडाशी पाय सोडून बसलो. सोनगडच्या अलीकडे एका रिटायर मास्तराने शेताच्या बांधावर सिमेंटचा देवमासा बांधलाय. समुद्र कुठच्या कुठे, आणि हा मासा तुरीच्या शेतात तोंड वासून पडलेला. तोंडातून आत शिरायचं, पोटात वाकून चालायचं आणि शेपटीतून बाहेर यायचं. तुझे नाना तीनदा गेले. एका गावात बांगड्यांच्या काचा लावलेलं मारुतीचं देऊळ आहे, दुपारी त्याच्याकडे बघवत नाही. लोक हसतात, मला माहीत आहे. उषाबाई तर तोंडावर म्हणाली, हाई काय तुमनं फिरानं वय शे का? मी म्हटलं, वय होतं तेव्हा पाळी होती, दिवसाची नाहीतर रात्रीची, आता वेळ आहे तर वय नाही, मग फिरायचं कधी ते तूच सांग.

तुझ्या सासऱ्यांनी आम्हाला नवापूरच्या बसच्या खिडकीतून पाहिलं, मी यांच्या कमरेला धरून बसले होते, हेही मला कळलंय. तुझ्या पत्रात ते नाही. पण काळजी कुठे संपते आणि लाज कुठे सुरू होते, ते आईला कळतं रे.

आता एक जुनी गोष्ट. तू सहा वर्षांचा असताना मी रेशनकार्डासाठी रांगेत उभी होते. हे पाळीवर होते. कारकून गुजराती, त्याने धणीचं नाव विचारलं. आपल्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं माझ्या सासूने मला हळदीच्या अंगाने शिकवलं होतं. मी म्हटलं, तुळशीचं लग्न ज्याच्याशी लावतात ना, तेच नाव. कारकून म्हणाला, समजलं समजलं, आणि त्याने ठाकोर लिहून टाकलं, कारण त्यांच्यात तुळस ठाकोरजींना, म्हणजे कृष्णाला, देतात. घरी आल्यावर तूच वाचलंस आणि आपण तिघंही पोट धरधरून हसलो. ते कार्ड अजून तसंच आहे. रेशनचा दुकानदार आजही यांना ठाकोरभाई म्हणून हाक मारतो आणि हे मान हलवतात. पुढे सगळे फॉर्म तूच भरलेस, म्हणून माझं निभावलं.

गेल्या उन्हाळ्यात व्याऱ्याच्या पुढे आम्हाला एक कोरडी विहीर लागली. बोलतो कूवो, अशी गुजरातीत पाटी होती. काठावरून नाव पुकारलं की तीनदा परत येतं. लोक आपापली नावं ओरडत होते, पोरं शिव्या देत होती. हे पलीकडच्या काठावर उभे राहून नुसते बघत होते, त्यांना त्यात काय कळणार. मला एकदम भरून आलं आणि संतापही आला. अठ्ठावीस वर्षं मी ते नाव गिळलं, त्यांचं आयुष्य वाढावं म्हणून, आणि तरी त्यांचे कान गेलेच. मग नाव गिळून मी वाचवलं काय? आणि आता घेतलं तरी त्यांना ऐकू थोडंच जाणार आहे. मी वाकले आणि सगळ्या ताकदीने त्यांचं नाव पुकारलं. विहिरीने ते तीनदा परत दिलं. मान वर केली तर हे हसत होते, आणि एक हात कानाला लावून त्यांनी मूठ उघडली. लूमवर या खुणेचा अर्थ होतो, मिळालं. मी चुकले होते. एवढ्या आवाजात माणसं वर्षानुवर्षं बोलतात ती ओठ वाचून, हे लूमवाल्याची बायको असून मी विसरले. लाजेने मी पदर तोंडात धरला, आणि हे मात्र गाडीजवळ येईपर्यंत हसत होते.

आता श्रावणातल्या पडण्याबद्दल. ते तू विसरणार नाहीस आणि विसरूही नये. गाडीवर आमचं ठरलेलं होतं, मागचा हॉर्न मी ऐकायचा आणि यांच्या पाठीवर थाप मारायची. उजवीकडून गाडी आली तर उजव्या खांद्यावर, डावीकडून आली तर डाव्या, आणि थांबायचं असेल तर दोन थापा. मी त्यांचे कान होते. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला दोन तोंडांच्या वासराची पाटी होती, मी मान वळवून ती वाचत राहिले आणि ट्रकचा हॉर्न ऐकूनही माझा हात उठला नाही. यांच्या गुडघ्याला सात टाके पडले, माझं कोपर सोललं. चूक माझी होती. तू गणपतीत आलास, टाके बघितलेस, आणि बोललास मात्र यांना, तेही दारात उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल असं. यांनी तुझे ओठ वाचले, योगराज. एकूण एक शब्द वाचला.

तू गेल्यावर मी आठवडाभर विचार केला. तुझं म्हणणं अर्धं खरं होतं. कान मागे आणि हॅन्डल पुढे, हे चुकतच होतं. पण त्यावर गाडी विकायची हा उपाय मला पटला नाही.

म्हणून आता हे पत्र का, ते ऐक. दसऱ्यापासून दर रजेला सकाळी आम्ही सचिन गावच्या कारखान्यांकडे जात होतो, तिथले रस्ते त्या दिवशी मोकळे असतात. शिंपीण सुषमा सलवार शिवून देते म्हणाली, मी नको म्हटलं. सासूबाईंचं नऊवारी लुगडं काढलं, काष्टा घातला. काष्टा घालून आपल्या बायका औत हाकतात, तिथे राजदूत ती काय. पहिल्या दिवशी किकने पोटरी सोलली, दोनदा गाडी अंगावर घेतली, शेजारच्या कारखान्याचा वॉचमन खुर्ची बाहेर आणून बघत बसला. पण आली मला गाडी. आरटीओत आठाचा आकडा काढताना साहेब आधी हसत होता, नंतर हसला नाही. त्याच्याही आधी खिडकीवरच्या बाईने विचारलं, धणीनुं नाम? सवयीने मी तुला शोधायला मागे बघितलं. तू नव्हतास. हे बाहेर निंबाखाली उभे राहून माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे तोंड करून, सगळी रांग ऐकेल असं, नाव सांगितलं. आणि त्यांनी हात कानाला लावून मूठ उघडली. पक्कं लायसन्स शुक्रवारी हातात आलं. त्याच्यावर ठाकोरभाई नाहीत. तेव्हा रविवारी गिऱ्हाईक आणू नकोस, आणलंस तर उषाबाईकडे चहा पाजून परत पाठव. दाराला कुलूप असेल. सकाळी सहाला आम्ही मास्तरांचा देवमासा बघायला निघतोय, मी पुढे आणि हे मागे. मागे बघून थापा मारायचं काम आता त्यांचं. तुला खरंच काळजी असेल तर एकटा ये, सोनगडच्या अलीकडे तुरीच्या शेताशी उतर, आम्ही दुपारपर्यंत तिथेच आहोत. यांच्याशी बोलताना ओरडू नकोस, फक्त समोर उभा राहून बोल. इतके दिवस आई एवढंच लिहून सही करत होते, या वेळी पूर्ण करते.

तुझीच आई,
मंदा शालिग्राम पाटील