उचकी थांबल्यावर

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला गेले की रडू फुटतं, म्हणून लिहितेय. जुळ्यांतली एक गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. तू तरी तसं बोलू नकोस.

दुसरी बरी आहे, फक्त उचक्या फार. दूध झालं की उचकी, दर थोड्या वेळाने झोपेतून दचकून उठते, उठली की उचकी. सासूबाई म्हणतात चमचाभर पाणी पाज, शेजारीण म्हणते मध चाटव, आणि हे तर पडद्याआडून भॉक करायला निघाले होते. एवढे लिफ्टचे मेकॅनिक, पण मुलीपुढे अक्कल गहाण. तू नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स, तूच सांग. हे कशाने होतं? तिला त्रास होत असेल का?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
धाकटी

८ जून

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

हळू आवाजात बोलणं मला जन्मात जमलेलं नाही, निश्चिंत राहा. उचकीचा त्रास बाळाला नसतो, बघणाऱ्यांना असतो. घाईघाईने दूध ओढलं की हवाही पोटात जाते, पोट फुगतं, छाती-पोटामधल्या स्नायूला धक्का बसतो आणि उचकी लागते. पाणी नको, मध तर अजिबात नको, आणि जावईबापूंना पडद्याआडून बाहेर काढ. भुकेने रडायच्या आधीच पाजायला घे. मध्ये थांबून ढेकर काढ, नंतर थोडा वेळ खांद्याशी उभी धर. तरीही लगेच नाही थांबली तर काही वेळाने आपोआप थांबते. फार ओकायला लागली किंवा वजन वाढेना, तर मात्र डॉक्टरांकडे जा.

एक विचारू? एवढीशी पोर झोपेतून सारखी उठते कशी?

ताईची माया.

१३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्यापासून काही लपत नाही. मीच उठवते.

पोटात होत्या तेव्हा उजवीकडची रोज उचक्या द्यायची. तू हात ठेवून हसली होतीस. मग एक दिवस त्या बंद झाल्या आणि मी म्हटलं, बरं झालं, पोरीला आराम पडला. खूश झाले होते मी, ताई. आणि ती गेली.

आता हिची उचकी चालू आहे तोवर मला धीर असतो. थांबली की पाळण्याशी धावते. नाकाशी बोट धरते, तळव्यांना गुदगुल्या करते. ती दचकून उठते, रडते, मी पाजते, आणि परत उचकी लागली की जीव भांड्यात पडतो. काल वजन करताना डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. हे म्हणाले, पोर झोपेवाचून सुकत चाललीय. खरं आहे. पण मला राहवत नाही.

रागावू नकोस.
धाकटी

१७ जून

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र ड्यूटीवर वाचलं आणि हात धुवायच्या निमित्ताने रडून घेतलं.

आता नीट वाच. उजवीच्या उचक्या बंद झाल्यानंतर आपण दोघी तपासणीला गेलो होतो. दोन्ही बाळांचे ठोके खोलीभर ऐकू येत होते. उजवी जास्त घाईत आहे, असं तूच म्हणालीस. म्हणजे तेव्हा ती होती, ठणठणीत होती. तिच्या बाजूची वार नंतर गर्भाशयापासून अचानक सुटली. ते तुला कळण्यासारखं नव्हतं. माझं तर रोजचं काम बाळांचंच, मलाही कळलं नाही. झोप माझीही उडालीय.

हिची उचकी थांबते तेव्हा तिला झोप येते, एवढंच. तिला उठवत राहिलीस की ती भुकेली रडते, घटाघटा पिते, आणि परत उचकी लागते. एकदा थांबू दे. श्वासावर लक्ष ठेवायला जावयांना बसव, तू बसू नकोस. रजेचा अर्ज टाकलाय.

तुझीच,
ताई

२१ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज दुपारी पाजलं, उचकी लागली, खांद्याशी उभी धरली. थांबली. हे खुर्ची ओढून पाळण्याशी बसले. मी माझे हात मांडीखाली दाबून धरले आणि तिला उठवलं नाही. ती झोपली. संध्याकाळी खालच्या लाँड्रीतली मशीनं बंद झाली तरी झोपलेलीच.

मग मला रडू आलं. इतके दिवस रडत होते ते हिला काही होईल या भीतीने. उजवीसाठी आज पहिल्यांदा रडले. ती गेली, ताई. तिला मी उठवू शकत नाही.

रजा मिळो न मिळो, ये.
धाकटी