नामंजुरीवरची सही

१२ जानेवारी

चि. ठमीस,
ताईचे अ. उ. आ.

पत्र पाहून तोंड वाकडं करशील, फोन का नाही केला म्हणून. फोनवर तू एका कानाने मला ऐकतेस आणि दुसऱ्याने ऑफिसला. कागदावर निदान पूर्ण सापडतेस.

गाडी घेतली. जुनीच, पण शेवाळी रंगाची आणि बिनक्लचची, म्हणजे माझ्या डाव्या गुडघ्याची सुटका. मागे घडीचं टेबल, पट्टे, वाळूच्या पिशव्या, सगळं मावतं. घरोघर जाऊन लोकांचे आखडलेले हातपाय सोडवणाऱ्या बाईला आणखी काय हवं? तुझे भाऊजी दोन चकरा मारून आले आणि आता गाडी आपणच शोधली म्हणून सांगत सुटलेत. खरं तर घेतली तुझ्या शब्दावर. वर्षभराची वॉरंटी आहे आणि तीही आमच्या कंपनीची, तेव्हा डोळे झाकून घे, असं तूच म्हणाली होतीस.

एकच गोष्ट. चढावर दुसरा गिअर पडताना गाडी दचकते. गेल्या आठवड्यात दोनदा चौकात बंदच पडली. दुकानदार म्हणतो, सवय होईल. गाडीला की मला, ते काही बोलला नाही. क्लेम कसा करायचा ते कळव. तब्येतीला जप, उपाशी ऑफिसला पळू नकोस.

तुझी,
ताई

२० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजींना म्हणावं, गाडी तुम्ही शोधलीत तर ढकलायचीही तुम्हीच.

घाबरू नकोस, अशासाठीच तर वॉरंटी असते. सोबत फॉर्म पाठवते. काय होतं ते तुझ्याच शब्दांत लिही आणि गॅरेजवाल्याचा शेरा जोड. फक्त मी बहीण आहे असं कुठे लिहू नकोस. नातेवाइकांच्या फायलींना आमच्याकडे उगाच फाटे फुटतात. या महिन्यात माझ्या बढतीचं चाललंय, त्यामुळे मान वर करायला फुरसत नाही. झाली की तुझ्या गाडीतून मिरवायला येईन.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी लाडकी (दुसरी आहे कोण?),
ठमी

२७ फेब्रुवारी

ठमी,

आज आशीर्वाद लिहीत नाही.

तुझ्या कंपनीचं पत्र आलं. दोष म्हणजे वापराने झालेली झीज, ती वॉरंटीत बसत नाही, सबब क्लेम नामंजूर. खाली तुझी सही. मला वाटलं, दुसरी कुणी असेल. पण शेवटच्या अक्षराचा तो लांब फराटा मी ओळखणार नाही? पाटीवर तुझा हात धरून मीच गिरवून घेतलेला आहे.

गाडी तीन आठवडे गॅरेजमध्ये पडून आहे. टेबल घेऊन बसमध्ये चढता येत नाही. पक्षाघात झालेले ते म्हातारे मास्तर जानेवारीत शर्टाची चार बटणं स्वतः लावत होते. परवा रिक्षा करून कशीबशी गेले, तर बोटं पुन्हा मुठीत वळलेली. बाई रागावून यायची थांबली, असं ते धरून चालले होते.

दुकानदाराने फसवलं असतं तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते. तुझ्याबद्दल भाऊजींनाही अजून सांगितलेलं नाही. लाज मलाच वाटते आहे. फोन करू नकोस. काय असेल ते लिही.

ताई

६ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. घेतलास तर तुझा, नाहीतर पडू दे दारात.

आधी एक पत्र लिहून फाडलं. आमच्याकडे फायली नंबराने येतात, नाव झाकलेलं असतं, दिवसाला चाळीस सह्या होतात, असं त्यात होतं. सगळं खरं आहे आणि काही उपयोगाचं नाही. कारण तक्रारीत ‘गाडी दचकते’ असं लिहिलेलं होतं. लोक झटका देते लिहितात, अडकते लिहितात. दचकते म्हणणारी एकच बाई मला माहीत आहे.

साहेब टेबलाशी उभे होते. ज्याच्या हातून जास्त क्लेम परत जातात, त्याचं नाव बढतीसाठी वर सरकतं. पण साहेबांच्या माथी मारून मी सुटत नाही. पहिली नामंजुरी मिळाली की दहातले आठ जण गप्प बसतात. तू त्या आठांतली. विटका टॉवेल दुकानात परत करायलाही तुला संकोच वाटतो. तू चरफडशील आणि पदरमोड करून दुरुस्त करून घेशील, हे मला ठाऊक होतं. सही कुणाची ते तू बघणारही नाहीस, असं वाटलं. म्हणून सही करून टाकली.

सोबतचा कागद तुझ्याच फायलीतला आहे. गाडी विकण्याआधी दुकानाच्या मिस्त्रीने ती तपासली होती. गिअरबॉक्ससमोर त्याने लिहिलंय, ‘दोष आहे, बदलावा.’ दुकानदाराने तो कागद तुझ्यापासून लपवला, पण वॉरंटीसाठी आमच्याकडे तो पाठवावाच लागतो. मी वाचला, बाजूला ठेवला आणि ‘झीज’ लिहिलं. नामंजुरीला उत्तर द्यायला साठ दिवस असतात. ते पत्राच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं, मुद्दामच. उत्तर लिही, ताई. कागद कुठून आला विचारलं तर माझं नाव सांग. मी उद्या स्वतःच सांगणार आहे, नाहीतर बालंट फायली सांभाळणाऱ्या बाईंवर जाईल.

ठमी

१८ एप्रिल

ठमीस,

तुझं नाव सांगावं लागलं नाही. मी तुझ्या कंपनीला उत्तर पाठवलं आणि त्या कागदाची प्रत घेऊन दुकानात गेले. भाऊजी बरोबर होते. त्यांना सगळं सांगितलं. दुकानदार आधी बसायलाही म्हणाला नाही. मग म्हणाला, असा कागद आमच्याकडे होतच नाही. मागे एक मिस्त्री हात पुसत उभा होता. तो पुढे आला, कागद नीट पाहिला आणि एवढंच म्हणाला, “अक्षर माझं आहे.” मालकाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. ना ओळख ना पाळख, पण त्याने माझ्यासाठी नोकरी पणाला लावली. घरी येऊन मी पुष्कळ रडले, आणि ते त्याच्यासाठी नव्हतं.

आठ दिवसांनी कंपनीचं तीन ओळींचं पत्र आलं: क्लेम मंजूर. नवा गिअरबॉक्स बसला. मास्तरांकडे रोज जाते. पहिल्या बटणापासून पुन्हा सुरुवात आहे, आणि ते माझ्यावर चिडत नाहीत, याचंच वाईट वाटतं.

तुला कामावरून कमी केल्याचं भाऊजींकडून कळलं. ते म्हणतात, पोरीने भोगलं, आता सोड. सोडायचा प्रयत्न करते आहे. तू न ओळखता सही केली असतीस तर एव्हाना विसरलेही असते. तू मला पुरतं ओळखून केलीस. माझा भिडस्त स्वभाव तुझ्याइतका कुणालाच माहीत नव्हता.

घरी ये, असं अजून लिहवत नाही. पण जेवत जा, आणि दुसरं काम मिळालं की कळव. उत्तर मी देईनच असं नाही. पाकीट मात्र फोडीन.

ताई