अक्काच्या व्हरांड्यातल्या खुर्च्या

शनिवार संध्याकाळ, जे. पी. नगर

आमची अक्का जिंकली! आणि तीही अपक्ष म्हणून.

तलावाची जमीन विकायच्या विधेयकावर तिने स्वतःच्याच पक्षाचा व्हिप मोडला आणि आमदारकी घालवली. तेव्हापासून तिच्या व्हरांड्यातल्या खुर्च्या एकात एक रचून पडल्या होत्या, एकही कार्यकर्ता फिरकत नव्हता. "आजारी आहे म्हण, मतदानाला जाऊच नकोस," असं मीच तिला सुचवलं होतं. बरं झालं, ऐकलं नाही. आज पोटनिवडणुकीचा निकाल लागला आणि त्याच खुर्च्या कमी पडल्या.

मग पक्षाच्या अध्यक्षांचा फोन. अक्काने मुद्दाम स्पीकर लावला.

"अक्का, झालं गेलं विसरा. पक्षात परत या."

"स्वल्प, जरा थांबा, अण्णा. अपक्ष निवडून आलेला पक्षात गेला तर त्याची आमदारकी जाते. मला काढताना हाच कायदा तुम्ही वाचलात ना? मग अर्धाच का वाचलात?"

सगळा व्हरांडा हसला. मीही, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कुणाच्या फजितीवर इतकं हसावं का? हसू नये बहुतेक. पण हसले.

निघताना सवयीने खुर्च्या रचायला गेले, तर अक्का म्हणाली, "राहू देत गं. उद्या लोक येतील."