डॉक्टरांचा तक्ता मला पाठ होता

गुरुजी, मी पुन्हा पाठ करून वाचलं. या खेपेला पानावर हात ठेवायला तुम्ही नव्हता, म्हणून दोन महिने खपून गेलं. तुम्ही म्हणाल, म्हातारी झाली तरी ही पोरगी सुधारली नाही. खरंय. पण आधी ऐकून तरी घ्या. तुमच्यापुढे उभी राहून बोलायची तेव्हा हिंमत नव्हती, आता तुम्ही उठून येऊ शकत नाही, म्हणून जरा ऐटीत सांगते.

तिसरीतली गोष्ट आहे. माझा भाऊ एक इयत्ता पुढे होता आणि आदल्या वर्षी चुलीपाशी बसून मोठमोठ्यानं धडे घोकायचा. मी भाकऱ्या थापता थापता ते सगळे धडे कानानं उचलले. वर्गात पुस्तक समोर धरून उभी राहायची, धडा घडाघडा म्हणायची आणि मध्येच बरोबर पान उलटायची. पान कधी उलटायचं तेसुद्धा मला पाठ. एक दिवस तुम्ही मागून आलात, पानावर पंजा ठेवलात, आणि मी आपली पुढे म्हणतेच आहे. सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "पोरी, दिसतं ते वाच. नाही दिसत तर नाही दिसत म्हण. त्यात लाज नाही." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही वाण्याच्या पुड्यांचे कागद आणायला लागलात. रोज नवा कागद. कशावर बाजारभाव, कशावर हरवलेल्या म्हशीची जाहिरात. ते कुठून पाठ करणार? आणि लिहिताना एकच घोषा, अक्षराच्या डोक्यावरची रेघ सरळ पाहिजे. माझी रेघ कायम बांधावरून चालल्यासारखी जायची.

लग्न होऊन मी बडोद्याला आले. हे रेल्वेच्या वर्कशॉपात होते. घरोघरी डिशचे चॅनल आले त्या सुमाराला माझ्या डाव्या डोळ्यासमोर मधोमध एक डाग बसला. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, पडदा खराब झालाय, वयाचं आहे, याला औषध नाही. लेझर मारलं, पण डाग होता तिथंच राहिला. हे मला म्हणाले, बरं झालं, आता माझं टक्कल तुला अर्धंच दिसेल. मी म्हटलं, अर्धंसुद्धा पुष्कळ आहे. पुढे हे गेले आणि मी एका डोळ्यावर संसार पुरवत राहिले. वाचन, निवडणं, टिपणं, माणसं ओळखणं, सगळं उजव्यावर.

मग एका सकाळी दाराच्या चौकटीला पोक आलं. डावा डोळा मिटून बघितलं तरी पोक तसंच. मराठी पेपर उघडला तर अक्षरांवरची रेघ थेट माझ्या तिसरीतल्या रेघेसारखी, बांधावरून चाललेली. घरी गुजराती पेपरही येतो, पण त्या अक्षरांना डोक्यावर रेघच नसते, त्यामुळे वाकलं काय आणि सरळ काय, चटकन कळत नाही. मराठीनं चुगली केली. मुलगा रिफायनरीत पाळीवर असतो. त्यानं पाळी बदलून घेतली आणि मला फतेगंजला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तरुण, गुजराती, मराठी समजणारे, मला माजी म्हणजे आई म्हणणारे. पडद्याचा फोटो काढला आणि म्हणाले, "माजी, पडद्याखाली पाणी साचलंय. आता याला औषध आलंय. पण ते डोळ्यात इंजेक्शननं द्यावं लागतं." मी विचारलं, दुखतं का? म्हणाले, मुंगी चावल्यासारखं. मी म्हटलं, तुमच्या डोळ्यात चावलीय का कधी मुंगी?

डोक्याला टोपी, तोंडावर मधे भोक असलेलं कापड, डोळ्यात बधिर करायचे थेंब, आणि मग सुई. दुखलं थोडंच, धास्ती मोठी. महिन्याच्या अंतरानं तीन घेतली आणि गुरुजी, चौकट सरळ झाली हो. तांदळातला खडा दिसायला लागला. मी दवाखान्यात पेढे वाटले. डॉक्टरांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, खूश व्हा, पण याला बरं झालं म्हणू नका. दर महिन्याला येऊन दाखवायचं, तक्त्यावरची अक्षरं कमी वाचली गेली की पुन्हा फोटो, पाणी दिसलं की पुन्हा इंजेक्शन.

आता माझी करामत ऐका. तपासायच्या खोलीला दार नाही, पडदा आहे, आणि बाक अगदी पडद्याला लागून. आत जो जातो तो मोठ्यानं तक्ता वाचतो. तक्ता एकच, गुजराती अक्षरांचा. तासभर बसलं की दहाबारा जण तेच म्हणून जातात. मला मुद्दाम काही करावंच लागलं नाही. चुलीपाशी झालं तेच झालं. चौथ्या महिन्यात आत गेले, खालच्या दोन ओळी धूसर होत्या, पण तोंडानं आपोआप म्हटल्या. तपासणारी मुलगी म्हणाली, वाह माजी, एकदम फर्स्ट क्लास. डॉक्टर खूश. मग कशाला फोटो आणि कशाला सुई? मुलाची पाळी बदलायची कटकट वाचली, मुंगीही वाचली. पाचव्या महिन्यात तर मी मधे जरा अडखळून म्हटलं, खरं वाटावं म्हणून. पान उलटण्याची सवय जुनीच.

सहाव्या महिन्यात एका दुपारी सून बाहेरून आली, माझ्यासमोर उभी राहिली. मी म्हटलं, काय गं, आज नाक कुठं विसरून आलीस? ती हसली. मग तिच्या लक्षात आलं की मी हसत नाहीये. माझ्या चांगल्या डोळ्याला तिचे कान दिसत होते, केस दिसत होते, मधला चेहरा पुसलेला होता. ती मला तशीच रिक्षात घालून घेऊन गेली. मुलाला फोनसुद्धा नंतर केला.

खुर्चीत बसवलं. तपासणारी मुलगी म्हणाली, वाचा माजी. आणि गुरुजी, तोंड उघडलं तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळी अक्षरं रांगेत तयार. समोर नुसता उजेडाचा चौकोन होता. जीभ पुढे निघालीच होती. मग तुमचा पंजा आठवला. म्हटलं, "बेटा, मला काही दिसत नाही. मागच्या दोन वेळेलाही खालचं दिसत नव्हतं. मी बाकावर ऐकलेलं म्हणत होते." मुलीला वाटलं मी नेहमीसारखी मस्करी करतेय. मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टूल ओढून समोर बसले. म्हणाले, "माजी, तुम्ही सांगता तेवढंच मला कळतं. औषध चांगलं आहे, पण ते तुमच्या खऱ्यावर चालतं." मी विचारलं, गेलेलं परत येईल? म्हणाले, सांगता येत नाही. मग मी त्यांना सोडलं नाही, खरं खरं सांगायला लावलं, या औषधानं किती जण बरे होतात म्हणून. त्यांनी सांगितलं ते असं, की काहींचं चांगलं सुधारतं, बऱ्याच जणांचं आहे तिथं थांबतं, आणि थांबलं तरी ते यशच धरायचं, कारण औषध नसतं तर डावा गेला तसा उजवाही गेला असता. काहींचं सगळं करूनही जातं. पण औषधाच्या पुस्तकात लोक दर महिन्याला न चुकता येतात, आणि इथं येत नाहीत. कुणाकडे लग्न, कुणाची नवरात्र, कुणाला आणायला माणूस नाही, कुणाला वाटतं आता दिसतंय ना. मग थोडं हसून म्हणाले, आणि एक माजी येतात पण पाठ करून येतात.

पुन्हा सुया सुरू झाल्या. सुनेचं नाक परत आलं, चांगलं सरळ आहे. तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ आली. शेवटची आली नाही. ती मीच घालवली, औषधानं नाही. त्या ओळीसाठी मी रडले, एकदाच, मग पदर खोचला. आता महिन्याचा मंगळवार ठरलेला आहे. मागच्या मंगळवारी भाचीचं लग्न होतं. मी म्हटलं, अक्षता दुपारी टाकेन, सकाळी डोळा दाखवून येते. तपासणाऱ्या मुलीच्या मागे लागून मी दुसरा तक्ता आणवला, आणि माझी पाळी आली की ती तोच लावते. बाक लांब सरकवायला लावला ते वेगळंच. करजणचे एक काका आहेत, त्यांना साखरेनं पडद्यावर सूज आलीय. दोन सुया घेऊन ते मला म्हणाले, हवे सारूं छे, आता बरं आहे, पुन्हा येणार नाही. मी म्हटलं, काका, डोळा बरा झालाय की बसचा कंटाळा आलाय? रागावून गेले, पण पुढच्या महिन्यात बाकावर होते. माझ्याकडे बघेनात. त्यांचा डोळा शाबूत आहे ना, मग बस झालं.

रोज सकाळी फुलवालीच्या पुडीचा कागद मी खिडकीत नेते, डावा डोळा झाकते आणि वाचते. पुडी गुजराती कागदाची निघाली की मराठी पेपरचा कपटा घेते. रोज नवा. रेघ सरळ दिसली की देवाआधी तुम्हाला नमस्कार करते.

पण एक राहिलंय. ज्या दिवशी मी पुडीचा कागद न अडखळता वाचला, त्या दिवशी तुम्ही खिशातलं पेन काढून मला दिलंत. ते अजून आहे. तो कागद गुळाच्या पुडीचा होता, आणि गूळ आणायला तुम्ही मलाच पाठवलं होतं. वाटेत भाऊ भेटला. त्याच्याकडून मी तो दोनदा वाचून घेतला. खरं वाचायला मी त्यानंतर शिकले, पेनाची लाज वाटून. हे पत्र पाठवायचं कुठं, हा प्रश्न नाहीच. पाठवलं तर तुम्ही पेन परत मागाल.