पूर्वेचा कोपरा

काम्पोंग प्राक, मोठं तळं
२ नोव्हेंबर २००४

प्रिय सारोएनदादा,

तू बरा असशील असं धरून चालते. इथं यंदा पाणी भरपूर चढलं, मासळी मात्र बेताचीच. शेजारची फाल्ला तुमच्या बंदरावर कामाला निघाली आहे, तिच्या हाती हे पत्र देतेय.

काम असं की, किनाऱ्यावर सिमेंटची नवी शाळा झाली. गावातली घरं तर उन्हाळ्यातच पाण्यावरून तिकडं गेली. आता उद्घाटनाला शिक्षण खात्याच्या साहेबांना आपल्या तरंगत्या शाळेचा इतिहास हवाय. तिथली बाई मी, तेव्हा लिहायचाही मीच. दोनदा बसले. काही सुचत नाही, रडूही येत नाही. म्हणून तुलाच लिहिते.

युद्धानंतर बाबांनी ती बांधली. चार कोपऱ्यांना बांबूचे भारे, वर फळ्यांची खोली. पूर्वेचा कोपरा तू बांधलास, हात सोलून निघाले होते तुझे. पाणी सरकलं की गाव सरकायचं, आणि गावामागं होड्यांना बांधलेली शाळा. बांबू कुजले की नवे घालायचे.

मग तू भांडून गेलास. "ही लाकडं तुम्हाला घेऊनच बुडतील," म्हणालास. बाबा म्हणाले, "बुडू देत, तुझं काय जातंय?" त्यानंतर त्यांनी तुझं नाव काढलं नाही, हे तुझ्या कानावर आलंच असेल. पुढचं कोणी सांगितलं नसेल. बाकीच्या तीन कोपऱ्यांचे बांबू ते दर वेळी बदलून घ्यायचे. तुझ्या कोपऱ्याला कोणाला हात लावू दिला नाही. "ज्यानं बांधला तो येऊन बदलेल," एवढंच.

शाळा कलली. खडू घरंगळायचे, पोरं खिदळायची. मी कुरकुरले की म्हणायचे, "जमीन तिरकी म्हणून पाढे चुकतात होय गं?" गाव किनाऱ्यावर गेलं तरी ते तिथंच झोपायचे. पोरं होडीनं यायची, मी जेवण घेऊन जायचे.

दादा, बाबा गेले. पंधरवडा झाला. ताप होता. हे मी पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं.

टेकडीवरच्या विहारात नेलं. रान सगळं पाण्याखाली, लाकूड ओलं. अंत्यविधी करणारे आचार म्हणाले, "यावर नुसता धुमसत राहील. आधीच तिरसट म्हातारा." कोरडं लाकूड अख्ख्या तळ्यात एकाच ठिकाणी होतं. मीच सांगितलं, काढा. भिंती निघाल्या, फळा निघाला. बाकं पोरांनीच होडीत भरली. चान्नी म्हणाली, "बाई, मग उद्या कुठं यायचं?"

"उद्या सुट्टी," मी म्हटलं.

छान पेटलं. मी बघत उभी होते आणि मला काहीच वाटत नव्हतं. अजूनही नाही. भात शिजवते, जेवते, झोपते.

साहेबांना यातलं काय लिहून देऊ? द्यायचं ते देईन काहीतरी.

पण तू ये. बाबांचा तुझ्यावर राग नव्हता, दादा, ते वाट बघत होते. अस्थी विहारात ठेवल्या आहेत, आणि मला आता तुझ्याशिवाय कोणी नाही. चितेपुढं मुलानं मुंडण करायचं असतं. तू नव्हतास, मी केलं. तेव्हा धक्क्यावर उतरलास की लांब वेणीची बहीण शोधत बसू नकोस. तुळतुळीत डोक्याची एक बाई उभी दिसेल, तीच तुझी

किमलेआंग